एसीत गॅस भरण्याआधी पंखा बघा

मार्च सरला की वाचकांचा एक प्रश्न दरवर्षी येतोच, शब्द तेवढे इकडेतिकडे. अनसिंगहून निघालं की वाशिमपर्यंत एसी मस्त गार असतो. पुसद नाक्यावर गाडी अडकली की पाच मिनिटांत हवा कोमट. मेकॅनिक म्हणतो गॅस कमी झालाय. मागच्या उन्हाळ्यातही भरला होता, आता परत भरायचा का?

अजून भरू नका. पळताना गार आणि थांबल्यावर कोमट, हे लक्षण गॅसपेक्षा कन्डेन्सरच्या पंख्याकडे जास्त बोट दाखवतं. पंखा बंद आहे, हळू फिरतोय, की फिरतोय पण त्याच्यापुढची जाळी चोंदली आहे, हे आधी ठरवा आणि मगच खिशात हात घाला. यातली निम्मी तपासणी एकही पाना न उचलता तुमच्या अंगणात होते.

आधी एवढं समजून घ्या

गाडीच्या पुढच्या ग्रिलमागे रेडिएटरसारखी दिसणारी एक पातळ जाळी असते, तो कन्डेन्सर. त्याच्यामागे रेडिएटर आणि बहुतेक गाड्यांत त्याही मागे पंखा. केबिनमधली उष्णता गॅस घेऊन येतो आणि कन्डेन्सरमधून ती बाहेर फेकली जाते. त्यासाठी जाळीतून सतत हवा जायला हवी. गाडी साठ-सत्तरच्या वेगानं पळत असते तेव्हा समोरून येणारा वारा हे काम फुकटात करतो, पंखा मेलेला असला तरी कळत नाही. गाडी थांबली की सगळी भिस्त पंख्यावर.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो. डांबराला टेकून आलेली हवा त्याहून तापलेली असते. अशा हवेत उष्णता सोडायची तर कन्डेन्सरमधला गॅस ६० अंशांच्या पुढे असावा लागतो. पंखा ठणठणीत असतानाही गॅसचा दाब २३० पीएसआयच्या वर जातो. पंखा बंद पडला तर दाब भराभर चढतो आणि पाइप फुटू नये म्हणून दाबाचा स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. दाब उतरला की कॉम्प्रेसर पुन्हा लागतो, पुन्हा सुटतो. कधी गार, कधी गरम असा खेळ तुम्ही अनुभवता तो हा. पुण्या-नाशिकच्या गाडीत जो अर्धमेला पंखा तीन उन्हाळे काढतो, तो वऱ्हाडात एप्रिलातच उघडा पडतो.

थांबलेल्या गाडीत हवा किंचित कमी गार होणं मात्र स्वाभाविक आहे, कारण इंजिन हळू चालतं तसा कॉम्प्रेसरही हळू चालतो. थोडी कमी गार आणि सरळ कोमट यांतला फरक ओळखा. पहिल्यासाठी गॅरेज गाठू नका.

अंगणातली तपासणी

गाडी सावलीत, सपाट जागी लावा. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलमध्ये. बोनेट उघडण्याआधी गळ्यातला दुपट्टा, ओढणी काढून ठेवा. उन्हाळ्यात आपल्याकडे प्रत्येकाच्या गळ्यात तो असतोच, आणि फिरत्या पंख्यात तो गेला तर माणूस पंख्यावर ओढला जातो. मुलांना लांब ठेवा. हा पंखा न सांगता सुरू होतो. काही गाड्यांत चावी काढल्यावरही तो फिरतो, त्यामुळे ‘आत्ता बंद आहे’ म्हणून बोट घालू नका.

१. इंजिन सुरू करा. एसी चालू, आतला ब्लोअर पूर्ण, तापमान सर्वांत कमी. ब्लोअर बंद असेल तर बऱ्याच गाड्यांत एसी लागतच नाही, तेव्हा तो विसरू नका.

२. कॉम्प्रेसर लागल्याचा ‘टक’ असा आवाज येतो का ऐका. काही नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला क्लचच नसतो, तिथे हा आवाज येणार नाही.

३. पंख्याकडे बघा. बऱ्याच गाड्यांत तो एसीबरोबर लगेच फिरतो. काहींत दाब चढेपर्यंत थांबतो. तीन मिनिटं वाट बघा.

४. पंखे किती आहेत ते मोजा. दोन असतील तर दोन्ही फिरतात का? एक फिरतोय म्हणून समाधान मानू नका.

५. वहीचा एक कागद पुढून ग्रिलपाशी धरा. पंखा मागून हवा ओढणारा असेल तर कागद जाळीला चिकटून बसतो. गळून पडला तर ओढ कमी आहे. पुढे ढकलला गेला तर पंखा उलटा फिरतोय. मोटर बदलताना वायरी उलट जोडल्या की हे होतं. पंखा जोरात फिरताना दिसतो म्हणून कुणाला शंका येत नाही आणि एसी मात्र पहिल्यापेक्षा वाईट चालतो. मोजक्या गाड्यांत पंखा कन्डेन्सरच्या पुढे असतो आणि हवा मागे ढकलतो. तिथे कागदाची ही खूण लागू नाही.

६. शेवटी पाण्याची चाचणी. एसी कोमट झालेला असताना मगभर पाणी ग्रिलमधून कन्डेन्सरवर हळूच शिंपडा, वायरी आणि कपलर सांभाळून. मिनिटभरात आत गार हवा आली, तर जाळीची उष्णता बाहेर पडत नाहीये एवढं नक्की. म्हणजे दोष पंख्यात किंवा चोंदलेल्या जाळीत असण्याची शक्यता मोठी. पाणी टाकूनही काहीच फरक नाही, पळत्या गाडीतही गार होत नाही, तर गॅस किंवा कॉम्प्रेसरकडे बघावं लागेल.

हे सगळं करताना तापमानाच्या काट्यावर लक्ष असू द्या. ज्या गाडीत रेडिएटर आणि कन्डेन्सर दोघांना मिळून एकच पंखा आहे, तिथे पंखा मेला तर एसी ही लहान गोष्ट आहे, इंजिन तापून हेडगॅस्केट जाणं ही मोठी. काटा वर सरकू लागला की एसी बंद करा, इंजिन बंद करा आणि पंखा दुरुस्त होईपर्यंत ती गाडी बाहेर काढू नका.

पंखा फिरतच नसेल तर

इथून पुढे क्रम पाळा. स्वस्त गोष्टी आधी, महाग नंतर. गॅरेजमध्ये बहुधा उलट होतं, मोटर आधी बदलली जाते आणि जळका फ्यूज मागाहून सापडतो.

फ्यूज. बोनेटखालच्या काळ्या डबीत असतो. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा छापलेला असतो. पंख्याचा फ्यूज साधारण २० ते ४० अँपिअरचा. चपट्या फ्यूजमध्ये २० चा पिवळा आणि ३० चा हिरवा असतो. जळालेला असेल तर त्याच अँपिअरचा नवा टाका. तो लगेच उडाला तर तिथेच थांबा. मोटर जाम आहे किंवा वायर कुठे तरी शॉर्ट आहे. मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार लावून भागवू नका, फ्यूज उडत नाही तेव्हा वायर पेटते.

रिले. त्याच डबीतला छोटा चौकोनी ठोकळा. हॉर्नचा रिले बऱ्याचदा त्याच नंबरचा असतो. दोन्हींवरचा नंबर आणि पायांची मांडणी तंतोतंत जुळली तरच अदलाबदल करून बघा. पंखा फिरला आणि हॉर्न बंद पडला, की चोर सापडला. रिलेचा उलटा आजारही असतो: आतले पॉइंट चिकटतात, गाडी बंद केली तरी पंखा रात्रभर फिरतो आणि सकाळी बॅटरी उतरलेली. असं झालं तर बॅटरी बदलायची घाई करू नका.

वायर आणि कपलर. पंख्याकडे जाणारा कपलर काढून बघा. प्लास्टिक तपकिरी झालंय, वितळलंय, पिन हिरवट पडलीय, तर दोष तिथेच. शेताजवळच्या घरात गाडी उभी राहत असेल तर उंदरांनी कुरतडलेली वायरही शोधा. सोयाबीन घरात येतं त्या दिवसांत उंदीर बोनेटखालीही मुक्कामाला येतात.

मोटर. इंजिन बंद, बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली, मगच पातं बोटानं फिरवा. ते सहज फिरून हळूहळू थांबायला हवं. घासल्यासारखं लागत असेल, खुळखुळत असेल किंवा अडत असेल तर बेअरिंग किंवा कार्बन संपले आहेत.

पुढची चाचणी ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, पण ती कशी करायची हे तुम्हाला माहीत असलेलं बरं. पंख्याचा कपलर काढून, एसी चालू ठेवून, तिथे करंट येतो का बघायचं. हे लुकलुकणाऱ्या छोट्या टेस्टरनं बघू नये. वायरीचा एकच धागा शिल्लक असला तरी टेस्टर लागतो आणि मीटरही १२ व्होल्ट दाखवतं, पण त्या एका धाग्यातून पंखा काही फिरत नाही. हेडलाइटचा जुना ५५ वॅटचा बल्ब दोन वायरी जोडून लावायचा. लख्ख लागला तर करंट पुरेसा आहे, मोटर गेली. मिणमिणला तर अर्थिंग किंवा कपलर खराब. लागलाच नाही तर फ्यूज, रिले, वायर किंवा पंख्याला हुकूम देणारा सेन्सर. तुमच्या इलेक्ट्रिशियननं आपणहून असा बल्ब काढला, तर माणूस बरा आहे असं समजा.

वेग कमी-जास्त होणारे पंखेही असतात. त्यांच्या हळू वेगासाठी एक रेझिस्टर असतो. तो जळाला की हळू वेग नाहीसा होतो आणि पंखा थेट जोरातच सुरू होतो, तोही उशिरा. याउलट गाडी सुरू करताच पंखा सुसाट फिरतो, एसी लावला असो वा नसो, तर एखादा सेन्सर किंवा त्याचा कपलर निघालेला असण्याची शंका घ्या. गाडीचा संगणक अशा वेळी इंजिन वाचवायला पंखा पूर्ण वेगात सोडतो. तिथे मोटर बदलून काही मिळणार नाही. स्कॅनर लावा. बीएस-६ गाड्यांत हे काम स्कॅनरशिवाय करणारा अंदाजानं सुटे भाग बदलत सुटतो आणि बिल तुमच्या नावावर फाडतो.

हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर घरची तपासणी बघण्या-ऐकण्यापुरतीच ठेवा. नारिंगी वायरींना कुणीही हात लावायचा नाही, गल्लीतल्या हुशार भाच्यानंही नाही.

पंखा फिरतोय, तरी गार नाही: कुटार

शहरात छापलेल्या मार्गदर्शिकांत हे प्रकरण जेमतेम एका ओळीत येतं. वाशिम जिल्ह्यात ते पहिल्या पानावर यायला हवं. सोयाबीन काढणीच्या दिवसांत धुऱ्याधुऱ्यावर हडंबे चालू असतात. त्यातून उडालेलं कुटार हवेत तरंगत रस्त्यावर येतं आणि गाडीचा पंखा ते इमानदारीनं ओढून घेतो. नंतर कापूस भरलेल्या गाड्यांतून उडणारा रुईचा फुलवरा. त्याआधी पावसाळ्यात पांदण रस्त्याचा चिखल बसलेलाच असतो. या तिन्हींचा मिळून एक घट्ट थर होतो. हिवाळ्यात एसी लावत नाही म्हणून तो कळत नाही. एप्रिलात पहिल्यांदा एसी लावतो, गार होत नाही, आणि निदान ठरलेलं असतं: गॅस गेला.

समोरून बघून फसू नका. पुढची बाजू धुताना स्वच्छ झालेली असते. कचरा बसतो तो कन्डेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत. बोनेट उघडा, वरून त्या फटीत मोबाइलची बॅटरी मारा. तिथे उशीतल्या कापसासारखा करडा गादा दिसला, तर पंखा बदलूनही उपयोग नाही.

साफसफाई अशी करा:

- इंजिन पूर्ण गार असताना, शक्यतो सकाळी. बॅटरीची तार काढून.
- आधी सुकं काम. मऊ ब्रशनं उभे हात मारा. आडवे मारलेत तर ॲल्युमिनियमची पातळ पाती वाकतात.
- पंक्चरवाल्याकडची हवा चालते, पण नळी हातभर लांब धरून. दिशा मागून पुढे, म्हणजे कचरा ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं बाहेर.
- मग बागेच्या पाइपचं साधं पाणी, तेही मागून पुढे. चिखल घट्ट असेल तर सौम्य साबणाचं पाणी दहा मिनिटं राहू द्या.
- वॉशिंग सेंटरची प्रेशर गन जाळीजवळ नेऊ देऊ नका. पाती आडवी पडून जाळी कायमची बंद होते आणि मग कन्डेन्सरच बदलावा लागतो. तिथला माणूस बोनेटखाली पाणी मारणार असेल तर हे त्याला आधी सांगा, नंतर भांडून पाती उभी राहत नाहीत.
- ॲसिड, संडास धुवायचं द्रावण, वॉशिंग सोडा: काहीही नाही. ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि बारीक भोकांतून गॅस जातो.

फट फारच चोंदलेली असेल तर कन्डेन्सरचे बोल्ट सैल करून तो पाइप न उघडता थोडा पुढे झुकवता येतो. हे काम एसीवाल्याकडूनच करून घ्या. पाइपला ताण आला की जोडातून गळती सुरू होते.

ग्रिलच्या पुढे तुम्ही काय काय लावलंय तेही बघा. जादा दिवे, डासांची जाळी, मोठी पाटी, बुलगार्ड, सगळेच वारा अडवतात. बुलगार्डवर कारवाई करा असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं २०१७ मध्येच राज्यांना कळवलेलं आहे, तेव्हा ते काढलंत तर एसीचंही भलं आणि चलनही टळेल.

मग गॅस कधी भरायचा?

गाडीचा एसी ही बंद प्रणाली आहे. रबरी नळ्या आणि सीलमधून कित्येक वर्षांत थोडा गॅस कमी होतो, हे खरं. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर गळती आहे, आणि गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे भोकाच्या घागरीत पाणी ओतणं.

गेज लावून ‘बघा, काटा’ असं दाखवलं जातं तिथे एक मेख आहे. इंजिन बंद असताना दिसणारा दाब गॅसचं प्रमाण सांगत नाही. प्रणालीत थोडासा द्रव गॅस शिल्लक असेल तोवर तो दाब फक्त बाहेरच्या तापमानावर ठरतो. ४४ अंशांच्या दुपारी आर-१३४ए गॅसचा हा दाब १५० पीएसआयच्या आसपास असतो, मग आत निम्मा गॅस असो की पूर्ण. इंजिन आणि एसी चालू असताना दोन्ही बाजूंचे दाब बघावे लागतात. दोन्ही कमी असतील तर गॅस कमी असण्याची शक्यता. वरचा दाब फार जास्त असेल तर पंखा, चोंदलेली जाळी किंवा गरजेपेक्षा जास्त भरलेला गॅस. आणि पंखा बंद असताना घेतलेल्या मापावर गॅस काढू किंवा भरू देऊ नका.

गॅस भरायचाच ठरला तर या गोष्टी मागून घ्या:

- आधी नायट्रोजननं गळतीची तपासणी. ऑक्सिजन नाही, साध्या कॉम्प्रेसरची हवाही नाही. एसीत तेल असतं, दाबाखालच्या ऑक्सिजनशी त्याची गाठ पडली तर स्फोट होऊ शकतो.
- किमान अर्धा तास व्हॅक्यूम.
- गॅस वजनावर. बोनेटखालच्या स्टिकरवर गॅसचं नाव आणि ग्रॅम लिहिलेले असतात. लहान गाड्यांत तो साधारण अर्ध्या किलोच्या आतबाहेर असतो. ‘गार लागेपर्यंत भरतो’ ही पद्धत नको.
- कॅनवरचं नाव स्वतः वाचा. स्वस्तात मिळणारं काही मिश्रण घरगुती सिलिंडरच्या गॅसच्या जातीचं, म्हणजे पेट घेणारं असतं. ते केबिनमध्ये गळलं तर काय होईल ते सांगायला नको.

वाटेत पंखा गेला तर

पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेत गाड्या मुंगीच्या पावलानं सरकतात, तिथे हे नेमकं होतं. एसी बंद करा, खिडक्या उघडा. एसीच बंद झाला की कन्डेन्सरला पंख्याची गरज राहत नाही. इंजिनचा काटा स्थिर असेल तर हळूहळू पुढे जा. काटा चढत असेल तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि रेडिएटरचं झाकण किमान अर्धा-पाऊण तास उघडू नका. उकळतं पाणी तोंडावर येतं. मोकळा रस्ता मिळाला की वारा मदतीला येतो, एसीही बरा चालू लागतो. समृद्धी महामार्गावर म्हणूनच बंद पंख्याची गाडी शेलूबाजारपासून नागपूरपर्यंत कुरकूर न करता जाते आणि नागपूरच्या पहिल्या सिग्नलला घाम फोडते. लांबच्या प्रवासानंतर ‘एसी एकदम ओके’ असं ठरवण्याआधी गाडी दहा मिनिटं उभी ठेवून बघा.

डायरेक्ट स्विचचा जुगाड

सेन्सर मिळत नाही, दोष सापडत नाही, मग पंख्याला डॅशबोर्डवर वेगळं बटण बसवून दिलं जातं. माझं मत: जुन्या गाडीत, रिले आणि फ्यूज लावून, योग्य जाडीच्या वायरीनं केलेलं असेल तर एका उन्हाळ्यापुरतं चालेल. पंखा दहा-वीस अँपिअर ओढतो. घरगुती बटणातून तेवढा करंट सरळ नेला तर बटण वितळतं. आणि बटण दाबायचं विसरलं की इंजिन तापतं. वॉरंटीतल्या गाडीत वायर कापून हे करू नका. पुढे विद्युत भागातला कुठलाही दोष ‘बाहेर काम केलं’ म्हणून तुमच्या गळ्यात मारायला कंपनीला कारण मिळतं. आगीचा विमा दावा असेल तर सर्व्हेअर पहिली नजर अशाच जोडणीवर टाकतो.

कुणाकडे न्यायची?

फ्यूज, रिले, कपलर, कार्बन एवढंच असेल तर अनसिंगमधला किंवा वाशिमचा चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन पुरेसा आहे. गॅस उघडायचा असेल तर ज्याच्याकडे व्हॅक्यूम पंप, वजनकाटा आणि नायट्रोजन आहे त्याच्याकडेच जा, मग वाशिम असो की अकोला. गाडी वॉरंटीत असेल तर थेट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला.

मोटर बदलताना तीन पर्याय समोर येतात. पूर्ण असेंब्ली, फक्त मोटर, किंवा जुन्या मोटरला नवे कार्बन. दोन पंख्यांच्या जुन्या गाडीत कार्बन बदलून काम भागतं आणि पैसे वाचतात. एकच पंखा असलेल्या गाडीत काटकसर नको, नवी मोटर घ्या. भंगारातली मोटर स्वस्त पडते, पण ती किती चालली आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. ‘कंपनीसारखीच’ म्हणून दिलेली डुप्लिकेट मोटर फिरते छान, ओढते कमी. बसवल्यावर कागदाची चाचणी तिथेच, पैसे देण्याआधी करा.

बिल, वॉरंटी आणि विमा

काम सुरू करण्याआधी अंदाजपत्रक घ्या, मोबाइलवर मेसेज चालेल. दोष काय, बदलणार काय, मजुरी किती, हे त्यात असू द्या. बदललेला जुना भाग परत मागा. पक्कं बिल घ्या, त्यावर मोटरचा पार्ट नंबर आणि वॉरंटीचा काळ लिहून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर जीएसटी सरसकट १८ टक्के आहे, जुना २८ टक्क्यांचा दर लावलेला दिसला तर विचारा. ‘बिलाशिवाय स्वस्तात करून देतो’ या वाक्यात वाचतो तो कर, जाते ती तुमची तक्रार करण्याची ताकद.

विम्याचं थोडक्यात. मोटर झिजून बंद पडली तर तो यांत्रिक बिघाड, विमा मिळत नाही. पुढून धडक बसून पंखा किंवा कन्डेन्सर फुटला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा असल्यास मिळतो. पंख्याची पाती आणि चौकट प्लास्टिकची, त्यांच्यावर ५० टक्के घसारा कापला जातो, झिरो डेप घेतला असेल तर नाही. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २,००० रुपये सक्तीची वजावट असते. त्यामुळे छोट्या कामासाठी दावा करून नो क्लेम बोनस घालवायचा का, हा हिशेब आधी मांडा. उंदरांनी वायर खाल्ली असेल तर पॉलिसीतले शब्द वाचा, फोटो काढा आणि दुरुस्तीआधी कंपनीला कळवा.

फसवणूक झाली तर

दोष पंख्यात होता आणि गॅस, कॉम्प्रेसरचे पैसे घेतले, किंवा बसवलेली मोटर महिन्यात गेली आणि दुकानदार हात वर करतोय, तर ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतली त्रुटी ठरू शकते. वस्तू किंवा सेवेची पावती न देणं ही याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे.

- आधी दुकानदाराला लेखी कळवा. व्हॉट्सॲपवर लिहा, पण तारीख, रक्कम आणि काय हवं (पैसे परत की पुन्हा काम) हे स्पष्ट मांडा. पंधरा दिवसांची मुदत द्या.
- राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मराठीत बोलता येतं. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात, विशेषतः समोर मोठी कंपनी असेल तर.
- न मिटल्यास वाशिमचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. काम अकोल्याला किंवा नागपूरला झालं असलं तरी तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगाकडे दाद मागता येते, ही सोय २०१९ च्या कायद्यानं दिली आहे. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. घटनेपासून २ वर्षांच्या आत तक्रार करा. ई-जागृती पोर्टलवरून ती घरबसल्याही दाखल होते.

प्रवासी जीप किंवा टॅक्सी चालवणारे वाचक विचारतात, आमची गाडी धंद्याची, आम्ही ग्राहक का? गाडी तुम्ही स्वतः चालवून पोट भरत असाल तर स्वयंरोजगाराचा अपवाद कायद्यात आहे, आणि तक्रारीत तो मुद्दा पहिल्याच परिच्छेदात लिहा. चार गाड्या ड्रायव्हर ठेवून चालवणाऱ्यांना हा अपवाद मिळवणं अवघड जातं.

तक्रारीला काय जोडायचं? बिल, अंदाजपत्रकाचा मेसेज, जुना भाग (तो मागून घ्यायला सांगितला तो यासाठीच) आणि दुसऱ्या मेकॅनिकनं दोष नेमका काय होता हे लिहून दिलेला सही-शिक्क्याचा कागद. पंखा बंद असल्याचा मोबाइलवरचा व्हिडिओ असेल तर उत्तम. तो काढताना एसीचं चालू बटण, इंजिनचा काटा आणि थांबलेला पंखा एकाच सलग चित्रणात येऊ द्या. तुकड्या-तुकड्यांत काढलेल्या व्हिडिओवर समोरचा वकील पहिला आक्षेप घेतो.